डोंगर नाही म्हणालो होतो

जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच मागे घ्यायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी गुरुग्रामच्या एका गणेशोत्सवात मला सायकलीवर बोलायला बोलावलं होतं. तिथे मी म्हणालो, "मानेसरभोवती जे दिसतं त्याला आपण डोंगर म्हणू नये. ते उंचवटे आहेत." समोर पुण्या-नाशकाकडून नोकरीसाठी आलेली दीडएकशे माणसं बसली होती. सगळी मनापासून हसली. त्यानंतर हे वाक्य मी कित्येकदा वापरलं. कार्यालयात, सोसायटीत, फोनवर वाईच्या मित्रांशी बोलताना. दरवेळी ते चालून जायचं.

मी वाईचा. शाळेत असताना भाड्याच्या सायकलीवर पसरणी घाट चढून पाचगणीला जायचं आणि ब्रेक धरत खाली यायचं, हा आमचा रविवार. मागे पांडवगड, समोर पाचगणीचं पठार, मधे कृष्णा. डोंगर म्हटलं की मान वर करावी लागते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगात होतं. २०१४ साली पिंपरी-चिंचवडची नोकरी सोडून मानेसरला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी मान वर करून पाहिलं आणि काही सापडलं नाही. कारखान्यांच्या छपरांपलीकडे एक करडी, काटेरी, बसकी रेघ होती. कुणीतरी म्हणालं, ती अरवली. मला वाईट वाटलं. एवढं मोठं नाव भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं, आणि हे.

त्या वाईट वाटण्याचं पुढे तुच्छतेत रूपांतर झालं, हा माझा पहिला दोष.

दुसरा दोष सायकलीतून आला. २०१६ पासून मी लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या सायकल-सफरींमध्ये, उतरू लागलो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एका वर्षात चारही पार केले की सुपर रॅन्दोनूर हा किताब. त्याआधीच नाशिकच्या महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत पूर्ण केली होती. आमच्यासारख्या कितीतरी मराठी सायकलस्वारांना त्याने झपाटलं होतं. मीही झपाटलो. वेळेच्या शिस्तीने मला पुष्कळ दिलं, ते मी नाकारत नाही. पण त्या शिस्तीत रस्त्याकडे बघण्याची एकच रीत उरते: चढ किती मीटर, वेग किती, पुढचा कंट्रोल, म्हणजे तपासणीचा थांबा, किती वाजता बंद होतो. अरवली मी रात्रीच्या अंधारात किती वेळा ओलांडली असेल! घड्याळाने सांगितलेले मीटर तेवढे लक्षात राहिले, आणि ते नेहमीच थोडे असायचे.

आता तिसरी गोष्ट, जी लिहायला सगळ्यात जड जाते.

२०२३ मध्ये पुण्यात वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित रस्त्याविरुद्ध लोक उभे राहिले. टेकडीवर माणसांची रांग लागल्याचे फोटो मी मानेसरच्या घरात बसून पाहिले आणि निवेदनावर लगेच सही केली. वेताळ टेकडी माझी होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तिच्यावर फिरलो होतो. त्याच वर्षी आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका, मूळच्या रेवाडीच्या, एक कागद घेऊन दारात आल्या. सोसायटीमागे एक टेकाड होतं, त्यावर रात्री राडारोडा टाकत होते आणि एका बाजूने ते कापत होते. जिल्हा प्रशासनाला द्यायचं निवेदन होतं. मी कागद वाचला आणि विचारलं, "बहनजी, इसमें पहाड़ कहाँ है?" त्या काही बोलल्या नाहीत. कागद दुमडून पर्समध्ये ठेवला आणि शेजारच्या दाराची घंटा वाजवली. पुण्यातली पर्वती १०३ पायऱ्यांत संपते. तिला टेकडी नाही असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. माझ्या गावापासून चौदाशे किलोमीटरवरच्या टेकडीला मात्र मी फूटपट्टी लावली.

२० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरवलीची एक व्याख्या मान्य केली. आसपासच्या जमिनीपासून शंभर मीटर किंवा त्याहून उंच असेल ते अरवलीची टेकडी, आणि अशा दोन टेकड्या एकमेकींपासून पाचशे मीटरच्या आत असतील तर ती रांग. त्यानंतर महिनाभर दिल्लीपासून उदयपूरपर्यंत लोक बोलत होते. राजस्थानच्या १५ जिल्ह्यांत वीस मीटरहून उंच १२,०८१ टेकड्या आहेत आणि त्यांतल्या शंभर मीटरच्या वर फक्त १,०४८ भरतात, हे वन सर्वेक्षणाच्या मोजणीतले म्हणून सांगितले गेलेले आकडे वर्तमानपत्रांत आले. मी ते सगळं वाचलं आणि खरं सांगतो, मला तो निकष पटला. कुठेतरी रेघ मारायलाच हवी ना, असं मी घरी म्हणालो. बायको म्हणाली, "मग आपल्या सोसायटीमागचं गेलं, ते या रेघेच्या खालीच होतं ना?" मी म्हटलं, ते वेगळं. कसं वेगळं, ते मला सांगता आलं नाही.

मन बदलायला मी सायकल काढली नव्हती. वर्षअखेरीला थोडे किलोमीटर आणि एक रात्र तंबूत, एवढाच बेत होता. शनिवारी, २७ डिसेंबरला, पहाटे निघायचं, मानेसरहून तावडू, नूह, फिरोजपूर झिरका, अलवर, आणि पुढे सिलिसेढच्या तळ्याकाठी मुक्काम. सव्वाशे किलोमीटर. मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या, वर तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग, छोटी शेगडी. एकूण चौदा किलो.

मानेसरला सायकल म्हणजे हौस नव्हे, कामगाराचं वाहन. सकाळी साडेसहाच्या धुक्यात आयएमटीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, रस्त्यांवर शेकडो सायकली चालल्या होत्या, हँडलला डब्याची पिशवी, कानाला मफलर. त्यांच्यातून मी माझे दिवे लावून जात होतो. महामार्ग ओलांडला आणि तावडूच्या रस्त्याला लागलो तसा आवाज मागे पडला. धुक्यात मोहरीचा पिवळा रंग आधी दिसतो, शेत नंतर. वीटभट्टीच्या धुराचा वास येत होता. उजवीकडे-डावीकडे त्या करड्या रेघेचे तुकडे उगवत आणि बुडत होते.

तावडूजवळ पाचगावच्या डोंगरात १९ जुलै २०२२ रोजी सुरेंद्र सिंह या पोलिस उपअधीक्षकाला बेकायदा खाणकाम रोखायला गेले असताना डंपरखाली चिरडलं होतं. बातमी तेव्हा वाचली होती. त्या बाजूला जाणारा फाटा दिसला तेव्हा पहिल्यांदाच मनात आलं की ज्याला मी उंचवटा म्हणतो त्यासाठी एक माणूस गेला आहे, आणि तो उंचवटा चोरून नेण्याइतका मोलाचा आहे. हरियाणाच्या अरवलीत २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २००९ मध्ये फरिदाबाद, गुरुग्राम आणि मेवात (आताचं नूह) यांच्यासाठी बंदी पूर्ण केली. तरी डंपर धावत राहिले.

चहाला थांबलो त्या टपरीमागे पांढुरक्या सालीची, छत्रीसारखी पसरलेली झाडं होती. जवळ जाऊन पाहिलं तर हिवर. आमच्याकडच्या माळावरचा हिवर, ज्याच्या सावलीत धनगर मेंढरं बसवतात. चहावाल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "रोंझ." अकरा वर्षं या झाडांमधून ये-जा करत होतो. सगळ्याला सरसकट 'किकर' म्हणून मोकळा झालो होतो. विलायती किकर, आपली वेडी बाभूळ, इथे खूप माजली आहे हे खरं, पण तिच्या आडून रोंझ, कैर, बोर, पळस सगळे टिकून आहेत. त्याच मुलाने खडकावर चटईसारखं पसरलेलं एक झुडूप दाखवलं. धौ. आपल्या धावड्याचं भावंड. शेळ्या खातात तोवर ते असं जमिनीला चिकटून, फांद्यांना मुळं फोडत पसरत राहतं. चराई थांबली की उभं राहतं आणि झाड होतं. मी ते हाताने चाचपून पाहिलं. किती वर्षांचं असेल, त्याला सांगता येईना. आजोबांच्या आधीचं, एवढंच म्हणाला.

तिथून नूहकडे उतरणारा घाट लागतो. घाट म्हणायला मी त्या क्षणापर्यंत तयार नव्हतो. रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीत खडक दिसतो, राखाडी, गुलाबी, चकाकणारा. आमचा बसाल्ट काळा, थराथरांचा. हा क्वार्टझाइट, कडक, आणि मीठ चमचमावं तसा उन्हात चमकतो. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झाला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा खडक शंभर कोटी वर्षांहूनही जुना. त्याच रांगेतलं अबूचं गुरुशिखर १,७२२ मीटर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा ७६ मीटर जास्त. हे आकडे मला ठाऊक नव्हते असं नाही. ते पाठ होते आणि त्यांचा माझ्या बघण्याशी काही संबंध नव्हता.

उतारावर, डंपरांनी उखडलेल्या एका खड्ड्यात, मागच्या चाकातून टण् असा आवाज आला. स्पोक तुटला, तोही चेनच्या बाजूचा. तो बदलायला मागच्या दातेरी चक्रांची कॅसेट खोलावी लागते आणि ते हत्यार मी वजन वाचवायला घरी ठेवलं होतं. रिम डोलायला लागली, ब्रेकला घासू लागली. पिशव्या लादलेली सायकल हातात धरून मी चालत उतरलो. सिलिसेढ गेलं हे तेव्हाच कळलं.

नूह गाठायला दुपारचे दोन वाजले. या नावाबद्दल आमच्या वर्तुळात काय बोललं जातं, हेही लिहायला हवं. जुलै २०२३ च्या दंगलीनंतर तर कुणी तिकडून सायकल नेण्याचं नावही काढत नसे. फोनवर बायकोने तीनदा विचारलं, "अहो, तिथेच थांबणार का?" मलाही भीती होती. बसस्थानकाजवळ एका पंक्चरच्या दुकानात म्हाताऱ्या मिस्त्रीने चाक फिरवून पाहिलं. "तिल्ली तो नहीं बदलेगी, आउट निकाल देता हूँ." आमच्या वाईच्या दुकानातही हाच शब्द, आउट काढणे. त्याने शेजारच्या दोन तारा सैल केल्या, समोरची आवळली, डोळ्याने रिम सरळ केली. वीस रुपये घेतले. "पंद्रह किलोमीटर. ज़्यादा नहीं. और धीरे."

धीरे. लांब पल्ल्याच्या माणसाला हा शब्द कुणी सांगत नाही.

गावाबाहेर हातपंपावर बाटल्या भरल्या. पहिला घोट घेतला आणि थुंकावा लागला. पाणी खारट होतं, जीभ आखडावी इतकं. पंपावर कपडे धुणारी बाई बघत होती. म्हणाली, "यो पीबा को ना है. मीठो पाणी तो पहाड़ तले मिलेगो."

या गोष्टीवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझं सगळं इथे फिरलं. नूहचा मोठा भाग खाऱ्या भूजलावर बसला आहे. पूर्वी इथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढायचे, आणि त्या मिठाचा व्यापार हीच या गावाची ओळख होती. गोडं पाणी आहे ते रांगेच्या पायथ्याच्या पट्ट्यात. पाऊस पडतो तो क्वार्टझाइटच्या भेगांतून आत जातो, खडकाच्या आतून खाली उतरतो आणि पायथ्याच्या वाळूत साठतो. तो गोड्या पाण्याचा पट्टा खाऱ्या पाण्याला बाजूला धरून ठेवतो. डोंगरापासून लांब गेलात की पाणी खारं. तिथल्या गावांना टँकर, नाहीतर विकतचं पाणी. म्हणजे इथे डोंगर किती उंच आहे हा प्रश्नच कुणी विचारत नाही. डोंगर किती लांब आहे, एवढंच विचारतात. वाईत कृष्णा दारात होती. डोंगर काय करतो हे मला कधी विचारावंच लागलं नव्हतं.

रांग उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे निघालो, ताशी दहाच्या वेगाने. पुढे कोटला. तिथे डोंगराच्या पायाशी चौदाव्या शतकाच्या अखेरीचा मेवाती सरदार बहादूर नाहर याची मशीद आणि कबर आहे, वर इंदौर नावाचा जुना किल्ला. याच घराण्यातला हसन खान मेवाती १५२७ साली खानव्याला राणा सांगाच्या बाजूने बाबराशी लढताना पडला. तिथवर पोचायचा विचार होता, पण साडेपाचला ऊन गेलं आणि चाक पुन्हा डोलायला लागलं. कोटल्याच्या अलीकडे एका वस्तीवर थांबलो. एक सत्तरीतला माणूस वीसेक शेळ्या आत घालत होता. मी तंबूचं विचारलं. त्याने तंबू बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "कपड़ा में क्यूँ सोवे है? भीतर खाट है." मी तंबूच लावतो म्हटल्यावर त्याने वारा अडेल अशी जागा दाखवली, कडब्याच्या गंजीमागे. थोड्या वेळाने घरातून बाजरीची भाकरी, मोहरीचं साग आणि गूळ आला.

पाणी हवं होतं. तो हात करून म्हणाला, विहीर त्या पहाडीच्या मागे आहे. मी बघितलं. हात गेला त्या दिशेला पहाडी नव्हती. काळोखात एक मोठा खड्डा होता, कडा तुटलेल्या, तळाशी साचलेलं काळं पाणी. मला वाटलं दिशा चुकली. पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तिथेच हात केला. "वा पहाड़ी के पाछे."

मग शेकोटीजवळ बसून हळूहळू बोलला. पहाडी होती. त्याच्या जवानीत कंत्राटदार आले, क्रशर बसला. गावातले सगळेच तिथे कामाला लागले, तोही. सुरुंगाची भोकं पाडायचा. मजुरी शेतीपेक्षा बरी आणि रोजची रोज. "काटी तो हमने ही है," तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती आणि सबबही नव्हती. पहाडी संपली तशी मागच्या विहिरीचं पाणी खाली गेलं आणि काही वर्षांत कडू झालं. आता बायका दुसऱ्या, उभ्या असलेल्या टेकडीखालच्या विहिरीवर जातात, लांब पडतं. एका विहिरीवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण मी सकाळपासून बाटलीतून जे प्यायलो होतो आणि जे थुंकलो होतो, त्याला ते तंतोतंत लागू होतं.

झोप आली नाही. थंडी होतीच. पण जागं ठेवणारी गोष्ट निराळी होती.

मी कारखान्यात प्रकल्प आणि देखभाल पाहतो. २०१७ च्या सुमारास आमच्या एका नव्या शेडचं काँक्रीट माझ्या देखरेखीखाली झालं. इकडे खडीला रोडी म्हणतात आणि जाड वाळूला बदरपूर, दिल्लीतल्या त्याच नावाच्या गावावरून; ती अरवलीच्या दगडाची असायची. गाड्या रात्री यायच्या. मी पावत्यांवर सही करायचो: गाडीचा नंबर, वजन, वेळ. दोनशेच्या आसपास गाड्या असतील. ही खडी कुठल्या डोंगराची, असा रकानाच त्या पावतीवर नव्हता. आणि तो का नाही, असं मला एकदाही वाटलं नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये अहवाल आला की राजस्थानात तपासलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्या आहेत. ती बातमी वाचून मी सहकाऱ्यांबरोबर हळहळलोही होतो. आमच्या शेडच्या जमिनीवर उभा राहून हळहळलो होतो. म्हाताऱ्याने पहाडी कापली ती पोटासाठी, आणि ते तो स्वच्छ सांगतो. मी तिला डोंगर मानलंच नव्हतं, त्यामुळे मला काही सांगावंच लागलं नाही. उंचवटा हा शब्द माझ्या एवढ्या उपयोगाचा होता.

उजाडताना तंबू आतून-बाहेरून ओला होता. मोर ओरडत होते. मी त्या दुसऱ्या, उभ्या टेकडीवर चढलो. वीस मिनिटं लागली. मनगटावरच्या घड्याळात चढ ६४ मीटर भरला. माथ्यावर धौची चटई, शेळ्यांच्या वाटा, आणि पूर्वेला सगळा सपाट मुलूख धुक्याखाली. खाली विहिरीवर बायका आल्या होत्या, हंडे घेऊन, रांगेने. दोराची चाकं कुरकुरत होती. त्यांतल्या काही त्या नसलेल्या पहाडीच्या पलीकडून चालत आल्या होत्या, मला वरून त्यांची वाट दिसत होती. खड्ड्याच्या कडेकडेने वळसा घालून येणारी. मी बराच वेळ बसलो. लांब पल्ल्याच्या इतक्या वर्षांत मी एका जागी एवढा वेळ कधी बसलो नव्हतो.

खाली उतरून ते पाणी प्यायलो. गोड होतं. वाईच्या पाण्यासारखं नव्हे. थोडं दगडाच्या चवीचं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी २९ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्याच नोव्हेंबरच्या आदेशाला स्थगिती दिली. नव्याने तज्ज्ञांकडून तपासणी करायचं ठरलं. बातमी आली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की मला सुटल्यासारखं वाटण्याचा अधिकार काय. त्या संध्याकाळी मी शिक्षिकाबाईंच्या दारात गेलो. सांगितलं की २०२३ मध्ये मी सही केली नाही ते चुकलं, कागद असेल तर आज करतो. त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. कागद केव्हाच दिला होता, त्याचं पुढे काही झालं नाही, म्हणाल्या. मग मला गॅलरीत नेऊन मागची बाजू दाखवली. टेकाड होतं तिथे आता सपाटी आहे, गाड्या उभ्या करतात. त्यांच्या गॅलरीतून ते रोज दिसतं. माझी गॅलरी दुसऱ्या बाजूला आहे.

सही करायला काही उरलं नाही. गणेशोत्सवात बोललेलं तेवढं मागे घेता येतं, ते घेतो आहे. मंडळाने पुढच्या वेळी बोलावलं तर या रांगेबद्दल बोलेन, किलोमीटरबद्दल नव्हे. आणि आमच्या खरेदीच्या पावतीत खडीच्या उगमाचा रकाना घालावा, खाणीचा परवाना जोडल्याशिवाय गाडी आत घेऊ नये, असं लेखी देऊन ठेवलं आहे. उत्तर यायचं आहे.

रविवारची एक गोष्ट राहिली. चाक घरापर्यंत टिकणार नव्हतं. म्हाताऱ्याच्या पुतण्याने घराच्या बाजूला, सोहन्याला, कांदा घेऊन जाणाऱ्या पिकअपवाल्याचा नंबर दिला. मेवातचा कांदा या दिवसांत निघतो, सकाळी गाड्या जातात. मी फोन लावला. सायकल आहे, एक माणूस आहे, सोहन्यापर्यंत सोडशील का, विचारलं. तो हो म्हणाला आणि म्हणाला, उभे कुठे आहात? मला वस्तीचं नाव ठाऊक नव्हतं. रस्त्याला पाटी नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं. समोर तो खड्डा होता.

"वो पहाड़ी है न," मी म्हणालो, "उसके पीछे."

"अच्छा," तो म्हणाला. "दस मिनट." आणि फोन ठेवला.